संक्रांत वेल माजते पण फुलत नाही: कुठे चुकतंय ते कसं ओळखायचं

गणपतीत आलेले पाहुणे आमची वेल बघून खूश होतात. गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, दिसत नाही इतकी हिरवी, शेंडे बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत आलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या केसांत अडकणारे. त्याच वेलीखाली संक्रांतीला उभं राहावं तर एक फूल नाही. नाव संक्रांत वेल आणि पाठ फिरवते ती नेमकी संक्रांतीला. आमच्याकडे हा प्रकार सलग चार वर्षं चालला. त्या चार वर्षांत मी शेणखत वाढवलं, पाणी वाढवलं, एकदा कुणीतरी सांगितलं म्हणून बुंध्याशी गंजके खिळे पुरले. वेलीला त्याचं काही वाटलं नाही, पुढं गवत काढताना एक माझ्याच बोटात गेला. सासूबाईंचं निदान वेगळं होतं. "कुणीतरी दृष्ट लावलीन हिला," म्हणून त्यांनी एका अमावास्येला मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या.

पाचव्या वर्षी ती फुलली, आणि अशी फुलली की गडग्याला आग लागल्यासारखी दिसत होती. त्या वर्षी आम्ही काय केलं, याचं खरं उत्तर आहे की काहीच केलं नाही. पण ते 'काहीच' नेमकं कुठल्या महिन्यात केलं नाही, यात सगळी गोम आहे. नंतर आमच्याच भागातल्या चार-पाच घरच्या न फुलणाऱ्या वेली मी बघून आले. त्यातल्या तीन ठिकाणी कारण आमचंच होतं.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटं. वर वीत-दीड वीत माती, खाली जांभा. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. पुढचं सगळं अशा जागेला धरून लिहिलेलं आहे. पुण्याच्या काळ्या मातीत आणि कोरड्या थंडीत ही वेल फारसे नखरे करत नाही, तिथल्या बहिणीचा सल्ला इथं चालेलच असं नाही.

आधी वेल कुठली ते बघा

नर्सरीत 'ट्रम्पेट वेल द्या' म्हटलं की हातात काय पडेल याचा नेम नसतो. तुतारीसारखं फूल असलेल्या बऱ्याच वेली या एकाच नावावर विकल्या जातात. बहुतेक बिग्नोनिएसी या एकाच कुळातल्या. आपला बूच आणि रानातला टेटू हीसुद्धा त्याच घरातली झाडं. पण कूळ एक म्हणून वळण एक नसतं, आणि छाटणीच्या बाबतीत तर यांतल्या दोघी एकमेकींच्या अगदी उलट.

फूल नसताना ओळखायचं तर पान हातात घ्या. एका देठावर दोन किंवा तीन पानं, कडा गुळगुळीत, आणि बऱ्याच ठिकाणी दोन पानांच्या मधून तिसऱ्या पानाऐवजी दोऱ्यासारखा तणावा निघालेला, टोकाशी तीन फाटे फुटलेला: ही संक्रांत वेल. शास्त्रीय नाव पायरोस्टेजिया व्हेनुस्टा, मूळची ब्राझीलच्या बाजूची. नावातल्या पहिल्या शब्दाचा ग्रीकमधला अर्थ आग आणि छप्पर असा आहे. आमच्या कौलांवर तिनं काय केलं ते पुढं सांगते, तेव्हा हे नाव आठवेल.

एका देठावर सात ते अकरा छोटी पानं, कडा करवतीसारख्या, आणि खोडालाच बारीक मुळं फुटून भिंतीला चिकटणारी असेल तर ती कॅम्पसिस. ही अमेरिकेच्या आग्नेय भागातली. पान चुरडल्यावर फोडणीचा लसूण आठवला तर लसूण वेल, तिची फुलं जांभळट. जाड चकचकीत पानं, तोडल्यावर पांढरा चीक आणि मोठी पिवळी फुलं असतील तर तो अलमांडा, त्याचं तर कूळच वेगळं, कण्हेरीचं.

ही ओळख आधी करून घ्या म्हणण्याचं कारण असं, की इंटरनेटवर 'ट्रम्पेट व्हाइन' शोधलं की नव्वद टक्के माहिती कॅम्पसिसची येते. कॅम्पसिस थंडीत पानं गाळते आणि नव्या फुटीवर उन्हाळ्यात फुलते. म्हणून तिकडचे लोक थंडी सरता सरता तिला खरडून छाटतात, आणि ते तिच्यापुरतं बरोबरच आहे. तोच सल्ला घेऊन जानेवारी-फेब्रुवारीत कात्री हातात घेतलीत तर संक्रांत वेलीची भर बहरात मान कापाल. 'मुळांतून पिल्लं काढून सगळी बाग खाते' ही भीतीही कॅम्पसिसचीच. आमच्या वेलीनं वर कितीही दंगा केला तरी जमिनीतून अशी चाल कधी केली नाही.

कोयती कधी लागली?

आता मुख्य गोष्ट. कोकणात गणपती गेले की बेणणी सुरू होते. कमरेएवढं गवत, कुड्याची रोपटी, रानवेली, सगळं कोयतीनं साफ करायचं. नवरात्र ते दिवाळी हा त्याचा हंगाम. आमच्याकडे येणारा गडी कामाला चोख. आगरातलं गवत झालं की तो गडग्याकडे वळायचा आणि वेल अशी सारखी करून द्यायचा की जणू न्हाव्यानं केस कापले. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. "दिवाळीत मंडळी येतील, जरा नीट दिसू दे," असं मीच ओटीवरून सांगायची.

संक्रांत वेलीचा फुलांचा घोस फांदीच्या टोकाशी येतो, टोकाशी आणि टोकाजवळच्या पानांच्या बेचक्यांत. जूनमध्ये फुटलेली फांदी ऑक्टोबरात पक्की होते, वाढ थांबवते, आणि थंडीची चाहूल लागली की त्याच शेंड्यात कळी धरते. दसऱ्याला तुम्ही तो शेंडा उडवलात की वेलीनं चार महिने जमवलेलं सगळं गेलं. ती काही मरत नाही. कापल्या जागेच्या खालच्या डोळ्यांतून नवी फूट काढते. पण ती फूट डिसेंबरात कोवळीच असते, आणि कोवळ्या फुटीला कळी येत नाही.

आंबा ज्यांच्या दारात आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. नोव्हेंबरात कलमाला पालवी फुटली की बागायतदाराचा चेहरा पडतो, कारण पालवी आली म्हणजे त्या काडीचा मोहोर लांबला किंवा गेला. वेलीचंही तसंच. ऑक्टोबरातली छाटणी म्हणजे तिला हातानं पालवी काढायला लावणं. इतकी वर्षं कलमांच्या बाबतीत जे मला पाठ होतं ते गडग्यावरच्या वेलीला लागू करायचं सुचलं नाही, याची आजही लाज वाटते.

पाचव्या वर्षी गडी मुलाकडे मुंबईला गेला होता, त्यामुळं बेणणी दिवाळीनंतर कशीबशी झाली आणि वेल तशीच झिपरी राहिली. डिसेंबरच्या मध्याला वाळत घातलेल्या लुगड्यात एक शेंडा गुंतला म्हणून सोडवायला गेले. शेंडा खाली लवलेला होता. टोकाकडं येताना पानांच्या जोड्या लहान लहान होत गेलेल्या, आणि शेवटच्या जोडीच्या पुढं, जिथं एरवी कोवळा तांबूस कोंब असतो तिथं, हिरव्या वरीच्या दाण्यांसारखा झुबका. नखानं एक दाणा दाबून बघितला तर आत घट्ट. आठ-दहा दिवसांत ते दाणे काडेपेटीच्या काडीएवढे लांब झाले, मग टोकाकडून पिवळट, मग भगवे. उमलायच्या आधी कळी करंगळीएवढी होते आणि टोकाला जराशी फुगते. पहिलं फूल उमललं ते जानेवारीच्या सहा तारखेला. नळी भगवी, पाकळ्या मागं वळलेल्या, आणि त्या वळलेल्या कडेला बारीक पांढरी लव, जवळून बघितल्याशिवाय दिसत नाही.

तुमच्याकडे हेच कारण आहे का, ते असं तपासा. जानेवारीत न फुललेली एखादी फांदी शेंड्याकडून मागं चाचपत या. वीत-दोन वितीवर वाळलेला, तिरका कापलेला ठोंब लागला आणि त्याच्या खालून दोन हिरव्या फांद्या निघालेल्या दिसल्या, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. ती कोयतीची खूण आहे. गुरं पोचतात तिथं ठोंब कापलेला नसून चावून फाटलेला असतो. एका घरी शेजारच्या बकऱ्या दिवाळीच्या सुमारास गडग्यावर चढून जेवून जायच्या, हा शोध असाच लागला.

मग छाटायची कधी? शेवटची फुलं गळली की लगेच. आमच्या हिशेबानं संक्रांतीनंतर आणि शिमग्याच्या आत. त्या वेळी मात्र हात आखडू नका. गेल्या पावसातल्या फांद्या दोन-तीन डोळे ठेवून मागं घ्या, खालचा जुना, वाळका, एकमेकांत गुंतलेला गुंता मुळातून काढा. तो काढला नाही तर तीन-चार वर्षांत वेल म्हणजे वरून हिरवी आणि आतून काट्याकुट्यांचं घरटं होते. मे महिन्यात ती जरा भकास दिसेल, पण पाऊस पडला की भरून येते. पावसाळ्यात शेंडे वाटेवर आले तर कापू नका, वळवून काथ्यानं बांधा. अगदीच नाइलाज असेल तर श्रावणापर्यंत कापा. गणपतीनंतर कोयतीला वेल दाखवायची नाही.

हे गड्याला कसं सांगायचं, हा वेगळाच प्रश्न. दर वर्षी माणूस बदलतो, मी घरात नसते, आणि समोर माजलेली वेल दिसली की हात शिवशिवतात. म्हणून आता नवरात्राच्या आधी वेलीला तीन-चार ठिकाणी लाल फडकी बांधते. पहिल्या वर्षी नव्या गड्यानं बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकू, हिला काय नवस बोललायत काय?" मी हो म्हणून टाकलं. वेलीला कुणी हात लावला नाही.

ऑक्टोबरात छाटून झालेली असेल आणि हे आता वाचत असाल, तर यंदाचा बहर बहुतेक गेला. काही उंच शेंडे कोयतीतून वाचले असतील तर तेवढे फुलतील. दुरुस्ती म्हणून आणखी छाटू नका आणि कीव येऊन खतही घालू नका.

खाऊन माजलेली वेल

छाटणी वेळेवर आहे आणि तरी फूल नाही, तर मुळाशी काय चाललंय ते बघा. मी पाहिलेल्या एका घरी वेल लावली होती न्हाणीच्या पाण्यावर, अळवाच्या शेजारी. बारा महिने पाणी, वरून साबण. दुसऱ्या घरी गोबरगॅसची मळी जाते त्या चराच्या काठाला. दोन्ही वेलींची पानं तळहाताएवढी, गडद, दोन सांध्यांतलं अंतर वीत-वीत. बघायला दृष्ट लागण्यासारखी, फुलांच्या नावानं शून्य. नत्र आणि पाणी हाताशी असेल तोवर वेल पानं करत राहते. तिला थांबायला कारणच मिळत नाही.

वाडीच्या शिंपण्याच्या पाटालगत वेल असेल तरी हेच होतं. पाऊस गेल्यावर माड-पोफळींना पाणी सुरू होतं आणि वेल फुकटात पिते. शक्य असेल तर त्या बाजूला पाटाला थोडा बांध घाला. आमच्या जमिनीतल्या जुन्या वेलीला मी ऑक्टोबर ते कळी दिसेपर्यंत मुद्दाम पाणी देत नाही. पानं दुपारी जरा मरगळतात, सकाळी पुन्हा ताठ असतात. सकाळीही मान टाकलेली दिसली तरच एक कळशी. कळ्या काडीएवढ्या झाल्या की आठवड्यातून एकदा पाणी सुरू करते, कारण त्या टप्प्यावर कोरड पडली तर त्या गळतात.

खत वर्षातून एकदाच, छाटणी झाल्यावर किंवा पहिल्या पावसाला: मुरलेलं शेणखत एक घमेलं, दोन मुठी हाडांचा चुरा, आणि चुलीतली लाकडाची राख एक मूठ. जांभ्याच्या मातीत स्फुरद असलं तरी लोह आणि ॲल्युमिनियम ते धरून बसतात, झाडाला सहज मिळत नाही, आणि इथल्या पावसात पालाशही धुपून जातं. म्हणून शेण कमी आणि चुरा-राख यांच्याकडं जरा जास्त लक्ष. राख मात्र मुठीनंच, घमेल्यानं नाही. युरिया तर वेलीच्या आसपासही नको. आंब्याच्या कलमांना दिलेला उरला म्हणून घरातलं कुणीतरी शिंपडून येतं, त्यावर नजर ठेवा.

आंब्यावरून आठवलं. कलमांना मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल घालतात, ते वेलीला चालेल का असं दोघांनी विचारलं. ते वाढ रोखणारं औषध आहे आणि मातीत बराच काळ राहतं. दारातल्या एका वेलीसाठी असलं काही घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कोयती बाजूला ठेवणं फुकट असतं.

ऊन आणि फुलांची पळवाट

वेलीला फुलायला दिवसाचं निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. कोकणातली घरं माडाच्या, फणसाच्या सावटात असतात आणि वेल आपण लावतो ती दाराशी, पडवीजवळ. मुळं सावलीत चालतात, किंबहुना बरीच. शेंडे मात्र उन्हात हवेत. आणि ऊन मोजायचं ते नोव्हेंबर-डिसेंबरात. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कलतो, त्यामुळं मे महिन्यात लख्ख वाटणारा उत्तरेकडचा गडगा थंडीत दिवसभर घराच्या सावलीत असतो.

इथं एक गंमत घडते. वेल ऊन शोधत वर जाते, फणसावर नाहीतर कौलांवर, आणि तिथं फुलते. आमच्या सुनेच्या माहेरची मंडळी अशीच वेल न फुलल्याची तक्रार करत होती. एक दिवस वरच्या आळीतली बाई म्हणाली, "तुमच्या माडीवर काय बहर आलाय हो, एसटीतून दिसतो." घरच्यांना खालून फक्त देठ दिसत होते. तेव्हा वेल फुलत नाही असं ठरवण्याआधी शंभर पावलं लांब जाऊन घराकडं एकदा बघा.

यावरून मांडवाचंही. सपाट मांडव घातलात तर फुलं आकाशाला आणि तुम्हाला सावली. ज्यांना सावलीच हवी त्यांचं ठीक. फुलं बघायची असतील तर वेल गडग्यावर किंवा तारेवर चढवून शेंडे अलीकडच्या बाजूला लोंबते सोडा. घोस खाली झुकून येतो, तो झुकायला जागा हवी.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

पावसात पानं पिवळी पडून गळतात: मुळाशी पाणी साचतंय. कातळात खड्डा खणून त्यात माती भरली की तो खड्डा नसून हौद होतो. पागोळीखाली लावलेली वेल तर चार महिने धबधब्यात उभी असते. खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूनं पहारीनं वाट काढून द्या, किंवा वेल हातभर उंच मातीच्या वरंब्यावर लावा. आमची पहिली वेल याच कारणानं गेली, जुलैत पिवळी पडली आणि ऑगस्टात बुंधा हातात आला.

पान पिवळं पण शिरा हिरव्या: जांभ्याच्या मातीत हे सहसा दिसत नाही, तिथं लोहाची वाण नसते. दिसतं ते दोन ठिकाणी. एक, नव्या सिमेंटच्या भिंतीलगत, जिथं गवंड्यानं उरलेला माल आणि प्लास्टरचे तुकडे खड्ड्यातच लोटलेले असतात. दोन, अगदी किनाऱ्यालगतच्या पुळणीत, जिथं वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. दोन्हीकडं चुन्यामुळं माती अल्कधर्मी होते आणि असलेलं लोह मुळांना घेता येत नाही. अशा जागी राख अजिबात नको. डबर उकरून काढा, पातेरा आणि कंपोस्ट भरपूर मिसळा, आणि तात्पुरता उपाय म्हणून चिलेटेड लोहाची फवारणी करा.

पश्चिमेकडची पानं कडेनं करपतात: खारा वारा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्या वेलीची समुद्राकडची बाजू दोन दिवसांत भाजल्यासारखी तपकिरी झाली होती आणि घराकडची हिरवीगार. अशा वेळी गोड्या पाण्यानं पानं धुऊन काढा आणि कापाकापी करू नका, पावसानं ती परत फुटते. दर वर्षीच करपत असेल तर जागा चुकली आहे. समुद्राकडं आड उभं राहायला काहीतरी हवं, उंडी, केवडा, नाहीतर नुसता उंच गडगा.

कळ्या धरतात आणि गळतात: कुंडीत असेल तर बहुधा कोरड. या वेलीला कुंडी पुरत नाही, अर्धं पिंप हा कमीत कमी आकार समजा. जमिनीत असेल तर आधी मावा आणि पिठ्या ढेकूण बघा. कळ्यांच्या झुबक्यात पांढरा कापूस किंवा चिकटपणा दिसला आणि ओंबील, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, वर-खाली करत असतील तर तेच. ओंबलांचं नुसतं घरटं जाळून काही साधत नाही, मुंग्या त्या किडीच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि तिची राखणही करतात. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, उन्हं उतरल्यावर, आठ दिवसांनी पुन्हा. फुलं उमललेली असतील तर फवारू नका, मधमाश्या असतात.

कौलांत घुसते: हो, घुसते. तणावे कौलाच्या फटीत जातात, मागून फांदी जाते, फांदी जाड होते आणि कौल उचललं जातं. हे आम्हाला कळलं ते जूनच्या पहिल्या सरीला, देवघरात ठिबकायला लागल्यावर. आत चढून बघितलं तर वाश्याला गुंडाळलेली मनगटाएवढी वेल, आणि तिच्या आडोशानं उंदरांचा संसार. घरावर चढवायचीच असेल तर पन्हळीच्या खाली हातभर अंतरावर तार ओढा आणि तिच्यावर जाणारा प्रत्येक शेंडा हातानं मागं वळवा. आमच्याकडे हा नियम मोडल्याबद्दल दर वर्षी एक-दोन कौलं बदलावी लागतात.

नवीन लावलीय, दोन वर्षं झाली, फूल नाही: थांबा. छाटकलमाची वेल आमच्याकडं तिसऱ्या थंडीला फुलली. पेन्सिलीएवढ्या, अर्धवट जून काडीचं छाट पावसाच्या सुरुवातीला सावलीत लावलं की जमतं. त्याहून खात्रीचं म्हणजे जमिनीवर लोळणारी फांदी एका जागी मातीत दाबून वर चिरा ठेवायचा. गणपतीपर्यंत मुळं येतात. बी शोधत बसू नका, आमच्या वेलीला इतक्या वर्षांत एकदाही शेंग धरलेली मी पाहिलेली नाही.

एक शेवटची तक्रार, खरं तर तक्रारच नव्हे. फुलं भरात असताना पुष्कळांच्या बुडाशी बारीक चीर किंवा भोक दिसतं आणि लोक औषध विचारत येतात. ते शिंजिराचं काम. नळी लांब पडते म्हणून तो समोरून न जाता बुडालाच चोच खुपसून मध पितो, काळे भुंगेही तेच करतात. फूल त्यानं लवकर गळत नाही. जानेवारीत सकाळी साडेसातच्या सुमारास ओटीवर चहा घेऊन बसलं की दोन-तीन तरी दिसतात. नराच्या अंगावर ऊन पडलं की तो जांभळा चमकतो, आणि वेल हलताना दिसते पण आवाज येत नाही. फवारणीचा पंप तेव्हा मांगरातच राहू द्या.